सम चुकतेय की इयरबड उशीर करतोय?

*नमस्कार. माझं वय ५२. राहायला ठाण्यात नौपाड्याला, नोकरी वाशीला. जाता-येता गाडीत गाणं ऐकते आणि पहाटे घरी रियाज करते. पाच वर्षं झाली, गाणं शिकतेय. सासूबाई आत झोपलेल्या असतात, म्हणून तानपुरा-तबला फोनवरच्या ॲपमधून कानात लावते. पूर्वी वायरचे इयरफोन होते. नव्या फोनला गोल पिनचं भोकच नाही, म्हणून पुण्याच्या मुलानं वाढदिवसाला बिनवायरचे इयरबड्स पाठवले. त्याला वर्ष होऊन गेलं. आता परतीच्या गाडीत डावा बड कोपरखैरण्यालाच मान टाकतो. गर्दीत दोनदा पडलाही. एकदा तर तुर्भ्याला दारातल्या एका बाईनं झेलला. मी ॲपमध्ये केलेलं रेकॉर्डिंग आमच्या गाण्याच्या बाईंना पाठवते. त्या म्हणतात, "विलंबितात ठीक आहेस, द्रुत बंदिशीत समेवर मागे पडतेस." क्लासमध्ये समोर बसून गाते तेव्हा मात्र असं काही बोलत नाहीत, बहुतेक चारचौघींत माझी भीड ठेवत असतील. नवरा म्हणतो ब्लूटूथनं मेंदूवर परिणाम होतो. मुलगा म्हणतो, आई, वायर आता कोण वापरतं? मला वायरवाले परत घ्यावेसे वाटतात, पण त्याला वाईट वाटेल. संध्याकाळी घरी आल्यावर कान थोडा वेळ घुमतात, ते असो. काय घेऊ?*

*— समेच्या शोधात, नौपाडा*

ताई,

तुम्ही विचारलंत वायर की बिनवायर, पण पत्रात त्याहून मोठ्या दोन गोष्टी सहज लिहून गेलात. एक म्हणजे द्रुत, म्हणजे जलद लयीच्या, बंदिशीतली सम, तालाच्या फेऱ्याचा पहिला ठोका. दुसरी 'ते असो' म्हणून सोडून दिलीत ती. तिच्याकडे नंतर येतो. आधी सम, कारण तिथे तुमच्यावर अन्याय होतोय असा मला दाट संशय आहे.

वायरमधून आवाज फोनपासून कानापर्यंत यायला वेळ लागतच नाही म्हटलं तरी चालेल. ब्लूटूथचा कारभार निराळा. फोन आधी आवाजाचे बारीक तुकडे करतो, ते दाबून लहान करतो, मग रेडिओलहरींवरून पाठवतो. इयरबड ते उलगडतो, आणि वाटेत एखादा तुकडा गहाळ झालाच तर गाणं अडखळू नये म्हणून थोडा साठा हाताशी जमवून मगच वाजवायला घेतो. या सोपस्कारात साधारण ०.१५ ते ०.२५ सेकंद जातात. नुसतं ऐकणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. व्हिडिओ बघताना बहुतेक ॲपं तेवढं चित्र मागे धरतात, म्हणून ओठ आणि शब्द जुळतात. पण तुम्ही त्या आवाजाबरोबर गाता, आणि गाण्याला मागे धरून ठेवणारं कुणी नसतं.

आता बघा काय होतं. ॲपनं समेचा 'धा' वाजवला. तुमच्या कानात तो ०.२ सेकंद उशिरा पोचला. तुम्ही अगदी त्याच 'धा'वर सम गाठलीत. फोनच्या माइकनं तुमचा आवाज टिपला, तोही अर्थात ०.२ सेकंद उशिरानं, आणि ॲपनं तो आपल्या तबल्याशी जोडून टाकला. तो तबला तर वेळेवरच वाजला होता! तुमच्या कानात सम जुळलेली, बाईंच्या फोनवर ती मागे पडलेली.

हिशेब मांडून बघू. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, मिनिटाला २० मात्रा (ठोके) धरल्या तर एक मात्रा ३ सेकंदांची. त्यात ०.२ सेकंद कुणाच्या खिजगणतीत नाहीत. मध्यलयीत १२० मात्रा लावल्यात तर मात्रा अर्ध्या सेकंदाची, तिथे थोडं खटकू लागेल. द्रुत तीनताल २४० ला लावलात की मात्रा झाली ०.२५ सेकंदाची, म्हणजे तुम्ही जवळजवळ अख्खी मात्रा मागे. 'विलंबितात ठीक, द्रुतात मागे' हे बाईंचं निदान अचूक आहे, त्यांच्या कानाला माझा नमस्कार सांगा. रोग तेवढा तुमच्या गळ्याचा नाही, त्या डबीतला आहे. आणि क्लासमध्ये त्या काही बोलत नाहीत ते भिडेपोटी, हे मला पटत नाही. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी चुकलेल्या समेबद्दल भीड ठेवली, असं मी अजून तरी पाहिलेलं नाही. तिथे खरा तबला असतो, तुमची सम बरोबर येते, म्हणून त्या गप्प बसतात.

काही इयरबड्समध्ये 'गेम मोड' असतो. त्यानं उशीर कमी होतो, पण पूर्ण जात नाही, आणि द्रुतात उरलेलाही नडतो. शिवाय एखादं ॲप रेकॉर्डिंगसाठी बडचाच माइक चालू करतं. तसं झालं की सगळं प्रकरण फोन कॉलच्या दर्जावर उतरतं आणि तानपुरा डालड्याच्या डब्यात बसून वाजवल्यासारखा येतो. तानपुऱ्याला स्वतःला उशिराची फिकीर नाही, तो अखंडच वाजतो. पण जवारीचा सगळा झंकार गेला तर मग तो लावायचाच कशाला? तेव्हा रियाजाला वायर. यावर माझ्याकडे दुसरं मत नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. बरीच वर्षं नाटकांच्या साउंडवर बसलो आहे, गडकरी रंगायतनच्या कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून कितीतरी प्रयोग काढलेत. पार्श्वसंगीत पाव सेकंद उशिरा पडलं की नट विंगेत आल्या आल्या काय बोलतो, ते इथे छापता येणार नाही.

आता वायर लावायची कुठे? तुमच्या फोनला गोल भोक नाही. ती ३.५ मिलिमीटरची पिन घरोघरी नेली ती १९७९ च्या वॉकमननं. तिची थोरली बहीण, ६.३५ मिलिमीटरची, टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डांवरून आलेली आणि आमच्या मिक्सरवर अजून ठाण मांडून आहे. २०१६ मध्ये आयफोन ७ नं भोक बुजवलं आणि मग हळूहळू बाकीच्यांनीही. हरकत नाही. चार्जिंगच्या टाइप-सी भोकातून आवाज काढता येतो.

त्यासाठी दुकानात दोन गोष्टी मिळतील. एक, टाइप-सी पिन असलेले इयरफोन. दुसरी, दोन बोटं लांबीचा कन्व्हर्टर, ज्याला पुढे साधे गोल पिनवाले इयरफोन लागतात. तुम्ही कन्व्हर्टर घ्या. वायर तुटते ती नव्वद टक्के वेळा पिनेच्या मानेशी, आणि गोल पिन कापून नवी डाग देऊन बसवणारा कारागीर अजून सापडतो. टाइप-सी पिनच्या नादी तो सहसा लागत नाही. शिवाय पुढचा फोन कुठलाही येवो, इयरफोन तेच राहतील, बदलला तर कन्व्हर्टर. (नव्वद टक्के हा माझ्या ड्रॉवरमधल्या मेलेल्या इयरफोनांचा हिशेब आहे, कुठल्या पाहणीचा नव्हे.)

कन्व्हर्टर घेताना एक फसगत होते. सगळे दिसायला सारखे, पण काहींच्या पोटात नुसत्या तारा असतात. ते फक्त अशा फोनवर चालतात जो टाइप-सीमधून तयार आवाज बाहेर सोडतो, आणि असे फोन थोडे. दुसऱ्या प्रकारात आकड्यांचा आवाज करणारी चिप असते, तिला 'डॅक' म्हणतात. दुकानदाराला "डॅकवाला द्या" एवढंच सांगा आणि पैसे देण्याआधी स्वतःच्या फोनला लावून, स्वतःचं तबल्याचं ॲप वाजवून बघा. गोखले रोडवर किंवा स्टेशनजवळ कुठेही घ्या, फक्त लावून बघू देणाऱ्याकडेच घ्या. कन्व्हर्टर तीनशे ते आठशेत, बरे इयरफोन पाचशे ते हजारात, म्हणजे सगळं मिळून दीड-दोन हजारांच्या आत बसतं. वायर सुटी होणारे इयरफोनही हल्ली त्याच्या आसपास मिळतात. तुटली तर नुसती वायर बदलायची. अडचण एकच, कन्व्हर्टर लागलेला असताना फोन चार्जिंगला लावता येत नाही. पहाटे रियाजाला बसता तर रात्रीच चार्ज करून ठेवा.

आवाजाच्या दर्जाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगा विचारेल. सीडीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, ब्लूटूथचा सगळ्यात साधा आणि सगळीकडे चालणारा प्रकार साधारण ३२८ पर्यंत जातो, उत्तमातला उत्तम ९९० पर्यंत. कागदावर मोठी दरी आहे. तुर्भ्याच्या फलाटावर शून्य फरक आहे. घरी शांततेत थोडा जाणवेल, तोही इयरफोन कानात नीट बसलेला असेल तर.

आता तुमचं ते 'ते असो'.

ताई, गाडीतून उतरल्यावर कान घुमणं ही सोडून देण्याची गोष्ट नाही. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठा आवाज बराच वेळ झेलला की त्या थकतात आणि कान घुमतो. विश्रांती मिळाली तर पुष्कळदा सावरतात. पण पुन्हा पुन्हा तेच झालं तर मरतात, आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल, त्यापुढे दर ३ डेसिबलमागे मुभा निम्मी. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास. तुमचा नुसता ठाणे-वाशी प्रवासच पाच-सहा तासांचा होतो.

आवाज एवढा वर का जातो, तेही पत्रातच आहे. बड दोनदा पडला म्हणजे तो दांडीवाला, कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा, बिनरबराचा असणार असा माझा अंदाज. त्यातून बाहेरचं सगळं आत येतं. लोकलच्या उघड्या खिडक्या, रुळांचा खडखडाट, डोक्यावरचे पंखे, लेडीज डब्यातली भाजी निवडता निवडता चाललेली खलबतं, एखाद्या दिवशी भजन. या सगळ्यावर मात करायला तुम्ही आवाज वाढवता, रबाळे-घणसोली येईपर्यंत पट्टी शेवटाला टेकलेली असते, आणि कानाला तोच रोजचा वाटू लागतो.

यावर वायर किंवा बिनवायर हे उत्तरच नव्हे; उत्तर रबर आहे. कानात आत बसणारे, मऊ सिलिकॉनच्या टोप्यांचे इयरफोन घ्या. खोक्यात तीन मापं येतात आणि बरेच लोक मधलं माप लावलेलं आहे तसंच वापरतात. तुम्ही तिन्ही लावून बघा. डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळं माप लागलं तरी ते नॉर्मल आहे. नीट बसलं की स्वतःचाच आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो आणि बाहेरची कटकट एकदम लांब जाते. बासही तेव्हाच ऐकू येतो; "या इयरफोनला बास नाही" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कितीतरींचं फक्त माप चुकलेलं असतं.

तो हंडा रियाजात मात्र नको. म्हणून रियाजाला एकच कान लावा, दुसरा उघडा ठेवा, म्हणजे आपला सूर हवेतून खरा ऐकू येईल. स्टुडिओत गाणारेही एक कान हेडफोनबाहेर काढतात ते उगाच नाही.

गाडीसाठी एक युक्ती. घरी, सगळं शांत असताना, आरामात ऐकू येईल एवढा आवाज लावा आणि पट्टी कुठे आहे ते बघून ठेवा. गाडीत त्याच्या वर फार तर दोन घरं. तेवढ्यात ऐकू येत नसेल तर त्या दिवशी ख्याल ऐकू नका, ख्यालातली अर्धी गंमत हळू स्वरांत असते आणि ती तिथे मिळणारच नाही. बोलण्याचं काहीतरी ऐका, नाहीतर शेजारणीशी बोला. गोंगाट कापणारे महागडे बड असतात खरे. सलग घरघर ते छान कमी करतात, बायकांच्या गप्पा आणि भजन मात्र बऱ्यापैकी आत सोडतात. तुम्हाला त्यावर चार-पाच हजार घालायला मी सांगणार नाही.

आणि या महिन्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. अर्ध्या तासाचं काम, दुखत-खुपत काही नाही. पन्नाशीनंतर वरच्या पट्टीतलं ऐकणं तसंही थोडं उतरतं. गाणाऱ्या माणसाकडे आज आपले कान कुठे आहेत याचा कागद असलेला बरा. घुमणं रात्रभर राहिलं किंवा एकाच कानात आलं तर महिनाही थांबू नका.

गर्दीत वायर अडकते, हे मान्य. पर्सच्या पट्ट्यात, मंगळसूत्रात, उतरताना दुसऱ्याच कुणाच्या ओढणीत. वायर कुर्त्याच्या आतून घ्या आणि कानावरून मागे वळवून लावा. कपड्यावर घासून येणारी खरखरही त्यानं जाते. महिनाभरात वैताग आलाच, तर गाडीपुरता रबरवाला नेकबँड घ्या. तो गळ्यात असतो, पडत नाही, आणि त्याची बॅटरी बडपेक्षा बरीच मोठी असते. माझा स्वतःचा एक बड ठाण्याला फलाट आणि डबा यांच्या फटीतून खाली गेला. गंमत म्हणजे दुसऱ्या कानात गाणं चालूच होतं. नऊ-दहा नंबरवर उतरताना आणि जिना चढताना कान मोकळेच ठेवा, हे त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगतो.

डावा बड लगेच टाकू नका. आधी डबीतल्या सोनेरी टाचण्या आणि बडखालचे ठिपके कोरड्या कापसानं पुसा. घाम आणि मळ बसला की एक बाजू चार्जच होत नाही आणि आपल्याला वाटतं बॅटरी गेली. पुसूनही तो कोपरखैरण्यालाच बसला तर मात्र खरोखर थकला. एवढ्याशा बॅटरीचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, रोज दोनदा चार्ज होत असेल तर त्याहून कमी, आणि ती बदलून मिळत नाही. मला बिनवायरच्या प्रकरणातलं सगळ्यात खुपतं ते हेच. वायर तुटते तशी जोडताही येते.

यजमानांना सांगा की ब्लूटूथच्या लहरींची ताकद काही मिलीवॅट असते, आणि कानाला फोन लावून ते तासभर बोलतात त्यात याच्या कितीतरी पट जास्त. काळजीच करायची तर आवाजाच्या पट्टीची करा म्हणावं.

राहिला मुलगा. त्याला फोन करून ०.२ सेकंदांचा हिशेब सांगा. आईची सम त्यानं पाठवलेल्या भेटीमुळे चुकत नव्हती, फक्त तशी ऐकू येत होती, हे कळल्यावर तो वाईट वाटून घेईल की हसेल ते तुम्हीच जास्त जाणता. बड तुम्ही टाकून देतच नाही आहात. पोळ्या लाटताना, तलावपाळीला फेरी मारताना, त्याच्याशीच बोलताना त्यासारखी सोय नाही. कणकेच्या हातात वायर अडकलेली मी पाहिली आहे. आणि 'वायर आता कोण वापरतं' याचं उत्तर त्याला हल्लीच्या कॉलेजातल्या मुलींकडे बघून मिळेल. त्या पुन्हा पांढऱ्या वायरी लोंबकळत फिरतात, फॅशन म्हणून का होईना.

आता एक काम. कन्व्हर्टर आणला की तीच द्रुत बंदिश, त्याच लयीत, दोनदा रेकॉर्ड करा, एकदा बड लावून, एकदा वायर लावून. दोन्ही बाईंना पाठवा, कुठलं कशावर ते सांगू नका, आणि सम कुठे बरोबर आहे ते विचारा. वायरवरही त्यांनी "मागे पडतेस" म्हटलं, तर मला पत्र लिहू नका. बाईंकडे एक तास जास्तीचा मागा.